मुदतीचा मुक्काम आणि चाकरीचा परवाना

अणदूरच्या खंडोबाची स्थाने दोन आणि मूर्ती एक. तुळजापूर तालुक्यात, सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यालगत वसलेल्या या गावी देव वर्षातील सुमारे सव्वादहा महिने राहतो आणि उरलेले पावणेदोन महिने शेजारच्या नळदुर्गाजवळील मैलारपुरी मुक्कामास जातो. पौष पौर्णिमेची तेथील मोठी यात्रा आटोपली म्हणजे तो पुन्हा अणदुरास परततो. या जाण्यायेण्यात विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यासाठी दोन्ही गावांच्या मानकऱ्यांमध्ये लेखी करार होतो. दोन्ही गावांची भक्ती सारखीच उत्कट आहे, आणि म्हणूनच देव कोठे किती दिवस राहणार हे कोणाच्या मर्जीवर वा स्मरणावर न सोडता कागदावर उतरवावे, असे त्या गावांतील जाणत्या माणसांना वाटले. पाहुणा म्हणून येणे निराळे आणि वस्तीस राहणे निराळे. मुदत स्पष्ट असेल तरच यजमान आणि पाहुणा यांचा स्नेह अबाधित राहतो, हे तत्त्व त्या करारात आहे.

हेच तत्त्व, पुष्कळ अधिक किचकट भाषेत, अमेरिकेच्या ज्या परवान्यामागे उभे आहे, त्याचे नाव जे-१ व्हिसा. महाराष्ट्रातील कित्येक संशोधक, प्राध्यापक आणि डॉक्टर या परवान्यावर अमेरिकेस जातात, तेथे काम करता करता त्यांना कायम स्वरूपाची नोकरी देऊ केली जाते, आणि मग एच-१बी नावाचा, नोकरी देणाऱ्या संस्थेच्या अर्जावर मिळणारा दर्जा घेण्याचा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता हा एका कागदाच्या जागी दुसरा कागद घेण्याचा व्यवहार आहे. परंतु पहिल्या कागदावर परतीचे वचन लिहिलेले असेल, तर त्या वचनाचा रीतसर निकाल लागल्यावाचून दुसरा कागद हाती येत नाही, आणि पुष्कळांची फसगत होते ती नेमकी येथेच.

या वचनाचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आहे. सिनेटर फुलब्राइट यांच्या पुढाकाराने १९४६ साली सुरू झालेली शिष्यवृत्ती, त्यापाठोपाठ १९४८चा शैक्षणिक विनिमयाचा कायदा आणि त्या साऱ्यांस एकत्र बांधणारा १९६१चा फुलब्राइट-हेज कायदा, अशा क्रमाने ही व्यवस्था आकारास आली. भारत आणि अमेरिका यांच्यातील फुलब्राइट करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. पुढे २००८ साली भारत सरकारने खर्चाचा समान वाटा उचलण्याचे ठरवल्यावर त्या शिष्यवृत्तीच्या नावात नेहरूंचेही नाव जोडले गेले. परक्या देशाच्या तरुणांनी यावे, शिकावे, शिकवावे, आणि मिळवलेले ज्ञान आपल्या देशी परत न्यावे, हा या सर्वांचा हेतू होता. आलेले लोक परत न जाता तेथेच राहू लागले तर ज्या देशाशी मैत्री वाढवावयाची त्याचीच बुद्धिमत्ता आपण हिरावून घेतो, ही जाणीव झाल्यावर १९५६ साली मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट कायद्यात आली. परदेशस्थ मराठी मंडळींच्या बोलण्यात जो 'टू इयर रूल' वारंवार येतो, तो हाच.

अणदूरच्या वाचकास अशा अटीचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या आजोबा-पणजोबांनी तिचे उलटे रूप पाहिले आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथे सरकारी चाकरीसाठी 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' असा भेद काटेकोरपणे पाळला जाई. बाहेरून आलेल्या माणसाला मुलकी ठरावयाचे असेल तर त्याने संस्थानात किमान पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे लागे, आणि शिवाय आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात, दंडाधिकाऱ्याच्या साक्षीनिशी दाखल करावे लागे. निजामाचे सरकार चाकरी देण्यापूर्वी 'परत जाणार नाही' असे लिहून घेई; अमेरिकेचे सरकार विनिमयाचा परवाना देताना 'परत जाईन' असे बांधून घेते. दोहोंच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: हा माणूस मुक्कामास आला आहे की वस्तीस? राज्यसत्ता कोणतीही असो, या प्रश्नाचे उत्तर तिला लेखी हवे असते.

आता या अटीचे नेमके स्वरूप पाहू. जे-१वर गेलेल्या प्रत्येकास ती लागू होत नाही, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ती तीन प्रकारच्या लोकांस लागू होते. ज्यांच्या विनिमय कार्यक्रमाचा खर्च, अंशतः का होईना, अमेरिकेच्या किंवा स्वदेशाच्या सरकारने त्या हेतूने केला आहे, ते पहिले. फुलब्राइटचे मानकरी यांतच येतात. ज्यांचे कौशल्य त्यांच्या देशास विशेष आवश्यक म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत नोंदलेले आहे, ते दुसरे. ही 'स्किल्स लिस्ट' प्रथम १९७२ साली प्रसिद्ध झाली आणि भारतातील असंख्य शास्त्रज्ञ व अभियंते तिच्यामुळे या अटीत सापडत असत. तिसरे म्हणजे रुग्णालयांत निवासी डॉक्टर म्हणून पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण घेणारे. यांपैकी दुसऱ्या प्रकारात अलीकडे मोठा पालट झाला आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी जी नवी यादी अमलात आली तीतून भारताचे नाव वगळण्यात आले, आणि केवळ यादीमुळे जे बांधले गेले होते ते, पूर्वी गेलेले असले तरी, मोकळे झाले. सरकारी पैसा आणि वैद्यकीय प्रशिक्षण यांचे बंधन मात्र जसेच्या तसे आहे.

बंधन लागू असेल तर काय घडते? कार्यक्रम संपून अमेरिका सोडल्यानंतर मायदेशी एकूण दोन वर्षे प्रत्यक्ष राहिल्यावाचून त्या व्यक्तीस एच किंवा एल वर्गाचा नोकरीचा व्हिसा अथवा कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळू शकत नाही, आणि अमेरिकेत असतानाच दर्जा बदलून एच-१बी घेण्याची वाटही बंद होते. ही दोन वर्षे सलग असावी लागत नाहीत. तुटक वास्तव्याची बेरीज चालते, परंतु ती मायदेशातील असावी लागते. लंडनला वा सिंगापूरला काढलेली वर्षे तीत धरली जात नाहीत. ही अट शिक्षेदाखल नाही, आणि ती अमेरिकेत पुन्हा पाऊल ठेवण्यास मज्जाव करणारीही नाही. ती केवळ चाकरीच्या आणि वस्तीच्या दारावर बसवलेली कडी आहे.

या अटीशी आणखी एका नियमाची सदैव गल्लत होते, म्हणून त्याचा येथेच खुलासा करणे इष्ट. जे-१च्या संशोधक व प्राध्यापक या वर्गांत जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, आणि तो कार्यक्रम संपला की त्याच वर्गांत पुन्हा येण्यास चोवीस महिन्यांची मनाई असते. 'दोन वर्षे' हे शब्द दोन्हींत येत असल्यामुळे लोक एकाचे नाव दुसऱ्यास देतात. चोवीस महिन्यांची मनाई फक्त त्याच प्रकारचा जे-१ पुन्हा घेण्यास आहे, तिचा एच-१बीशी संबंध नाही. मायदेशी राहण्याची अट मात्र एच-१बीच्याच आड येते. दोन्हींचा भेद न कळल्यामुळे कोणी व्यर्थ घाबरतो, तर कोणी व्यर्थ निर्धास्त राहतो, आणि निर्धास्त राहणाऱ्याचे नुकसान अधिक होते.

समजा, अणदूरच्या एका शेतकऱ्याची कन्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकून, मृदाशास्त्रात डॉक्टरेट मिळवून, अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात संशोधक म्हणून गेली. तिच्या हाती डीएस-२०१९ नावाचे प्रमाणपत्र असते. त्यावर कार्यक्रमाचा वर्ग, मुदत आणि पैसा कोणाचा हे नमूद केलेले असते. मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात पारपत्रावर व्हिसाची चिठ्ठी लागते, आणि तीवर दोन वर्षांची अट लागू आहे किंवा नाही याचा एक शेरा असतो. हा शेरा महत्त्वाचा असला तरी अखेरचा निवाडा नव्हे. अधिकाऱ्याच्या हातून चूक होऊ शकते, आणि संशय असल्यास परराष्ट्र खात्याकडून लेखी अभिप्राय मागवता येतो. चौथ्या वर्षी विद्यापीठ तिला प्राध्यापकपद देऊ करते. ते कायम मार्गावरील पद असल्यामुळे जे-१वर स्वीकारता येत नाही. येथे तिच्यापुढे दोन प्रश्न येतात, आणि त्यांचा क्रम बदलता कामा नये: मी परतीच्या वचनाने बांधलेली आहे काय, आणि नसल्यास वा सुटल्यास एच-१बी कोणत्या वाटेने मिळेल?

ती बांधलेली असेल, तर एक मार्ग दोन वर्षे परत येऊन राहण्याचा, आणि दुसरा सूट मागण्याचा, ज्याला तिकडे सर्रास 'वेव्हर' म्हणतात. सुटीची कारणे कायद्याने ठरवलेली आहेत: स्वदेशाच्या सरकारची हरकत नसणे; परत गेल्यास छळ होण्याची भीती; अमेरिकी नागरिक वा कायम रहिवासी असलेल्या पतीपत्नीस किंवा अपत्यास असाधारण हाल सोसावे लागणे; अमेरिकेच्या एखाद्या सरकारी खात्यास त्या व्यक्तीच्या कामाची निकड असणे; आणि डॉक्टरांसाठी असलेली एक स्वतंत्र योजना, जिचा विचार पुढे येईल. अर्ज परराष्ट्र खात्याकडे जातो, ते शिफारस करते आणि अखेरचा निर्णय नागरिकत्व व स्थलांतर खाते देते. भारतीयांच्या बाबतीत पहिल्या कारणासाठी जो दाखला लागतो त्याचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव 'नोरी', म्हणजे भारतात परतण्याचे बंधन नसल्याचा दाखला. हा दाखला एका टेबलावर मिळणारा नाही. केंद्रीय खाते, राज्य शासन आणि पारपत्र कार्यालय अशा अनेक ठिकाणच्या ना-हरकती गोळा होऊन अखेर वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासातून पत्र जाते. मुलगी तिकडे प्रयोगशाळेत, आणि वडील इकडे शिवलेली कागदपत्रे काखोटीस मारून मुंबईस मंत्रालयाच्या रांगेत, असे चित्र मराठी घरांत अनोळखी नाही. सरकारी पैशावर गेलेल्यांना, विशेषतः फुलब्राइटच्या मानकऱ्यांना, हा मार्ग फारसा फलद्रूप होत नाही, हे आधीच ओळखून असावे.

सुटीच्या वेळेचेही शास्त्र आहे. परराष्ट्र खात्याची अनुकूल शिफारस झाली की डीएस-२०१९ची मुदत पुढे वाढवता येत नाही. म्हणजे सुटका लवकर मिळाली आणि एच-१बी उशिरा आला, तर मधल्या काळात पायाखाली काहीच उरत नाही. कार्यक्रम संपल्यावर तीस दिवस आवराआवरीचे मिळतात, परंतु त्यांत काम करता येत नाही. आणि विद्यार्थ्यांच्या एफ-१ परवान्यास एच-१बी सुरू होईपर्यंतची दरी भरून काढणारी जी आपोआप मुदतवाढ आहे, ती जे-१ला नाही. म्हणून सुटीचा अर्ज, नोकरीचा प्रस्ताव आणि मुदतीची अखेर यांचे दिवस आधीच एका कागदावर मांडून त्यांचा मेळ घालावा लागतो.

वचनातून मोकळे झाल्यावरच एच-१बीचा विचार सुरू होतो. हा दर्जा १९९०च्या कायद्याने आजच्या रूपात आला. तो ज्या कामासाठी विशिष्ट विषयातील किमान पदवी लागते अशाच कामास मिळतो, आणि त्यासाठी अर्ज करते ती नोकरी देणारी संस्था. प्रथम श्रमखात्यापुढे तिने असे लिहून द्यावे लागते की, या माणसास त्या भागातील प्रचलित वेतनापेक्षा अथवा आपल्याकडील तत्सम नोकरांच्या वेतनापेक्षा कमी वेतन दिले जाणार नाही. ते मान्य झाल्यावर मुख्य अर्ज स्थलांतर खात्याकडे जातो. मुदत एका वेळी तीन वर्षांपर्यंत आणि एकंदर सहा वर्षांची. वर्षाकाठी सर्वसाधारण ६५,००० आणि अमेरिकेतील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० इतकीच संख्या मंजूर होते. मागणी त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे वसंतात निवड होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू करता येते. परंतु विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि सरकारी संशोधन संस्था यांना ही संख्यामर्यादा लागू नाही. अणदूरच्या आपल्या मृदाशास्त्रज्ञ कन्येस त्या निवडीची वाट पाहावी लागत नाही, ती यामुळे. पुढे खाजगी कंपनीत जावयाचे झाल्यास मात्र त्या मर्यादेतून तिला एकदा जावेच लागेल.

येथे 'व्हिसा' आणि 'दर्जा' यांतील भेद सांगितला पाहिजे, कारण दैनंदिन बोलण्यात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. व्हिसा हा दारातून आत येण्याचा परवाना, आणि दर्जा ही आत राहण्याची अट. अमेरिकेत राहूनच जे-१चा एच-१बी झाला तर दर्जा बदलतो, पण पारपत्रावरील चिठ्ठी जुनीच राहते. पुढे भावाच्या लग्नास अणदूरला आल्यावर परतण्यापूर्वी मुंबईस वाणिज्य दूतावासात नवी चिठ्ठी, म्हणजे 'स्टॅम्पिंग', घ्यावीच लागते. आत राहून दर्जा बदलणे आणि बाहेरून येणे यांतील अंतर अलीकडे फारच वाढले आहे. सप्टेंबर २०२५मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने, देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर, प्रथम एका वर्षापुरती, एक लाख डॉलरची रक्कम बसवली. आतल्या आत दर्जा बदलणाऱ्यास ती लागत नाही, हे पुढच्या महिन्यात स्पष्ट झाले. याचा परिणाम मनास क्लेश देणारा आहे: जो दोन वर्षे मायदेशी राहून आपला शब्द अक्षरशः पाळतो, तो बाहेरचा ठरून त्याच्या मालकावर हा भार पडतो, आणि जो सूट मिळवून आतच राहतो तो त्यातून वाचतो. कायद्याप्रमाणे पाळलेल्या वचनास अशी किंमत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दर्जा बदलतो तेव्हा तो एकट्याचा बदलत नाही. परतीची अट जे-१च्या माणसास लागू असेल तर जे-२वर आलेल्या पतीपत्नीस व मुलांसही ती बांधते. शिवाय जे-२वर आलेल्या जोडीदारास अर्ज करून काम करण्याची परवानगी मिळू शकते. एच-४ या नव्या दर्जात ती सामान्यतः नसते, आणि २०१५च्या नियमाने ती उघडली तरी ग्रीन कार्डच्या वाटेवरील ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांपुरतीच उघडली. एकाच्या बढतीच्या दिवशी दुसऱ्याची नोकरी सुटावी, असा प्रसंग त्यामुळे कित्येक घरांत येतो. म्हणून हा निर्णय दोघांनी मिळून घ्यावा. पुढची ग्रीन कार्डाची वाट भारतीयांना विशेष लांब आहे, कारण कोणत्याही एका देशाच्या वाट्यास वार्षिक संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक साधारणतः जात नाही, मग तो देश लहान असो वा भारताएवढा.

डॉक्टरांची गोष्ट मात्र स्वतंत्र आहे, आणि अणदूरच्या दृष्टीने तीच सर्वांत चिंतनीय. निवासी डॉक्टर म्हणून जे-१वर जाताना, या विषयाच्या डॉक्टरांची देशास गरज आहे असे भारताच्या आरोग्य खात्याचे पत्र न्यावे लागते, आणि परतण्याची हमी डॉक्टराने लिहून द्यावी लागते. १९७६च्या अमेरिकी कायद्याने सर्वच निवासी डॉक्टरांवर दोन वर्षांची अट घातली, स्वदेशाच्या ना-हरकतीने सुटण्याचा मार्ग त्यांना ठेवलेला नाही, आणि भारतानेही २०११पासून डॉक्टरांना 'नोरी' देणे सर्वसाधारणपणे बंद केले. उरलेल्यांत मुख्य मार्ग नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनराड यांच्या नावाने ओळखला जाणारा. १९९४ साली आलेल्या या योजनेत, अमेरिकेतील ज्या भागांत डॉक्टरांची वाण आहे तेथे तीन वर्षे पूर्णवेळ सेवा करण्याचा करार केला, तर परतीची अट माफ होते. प्रत्येक राज्यास वर्षाला आरंभी वीस आणि २००२पासून तीस जागा मिळतात, आणि सेवा एच-१बी दर्जावर, संख्यामर्यादेबाहेर होते. म्हणजे आपल्या गावाकडची दोन वर्षे डॉक्टर दुसऱ्या देशाच्या खेड्याला तीन वर्षे देऊन सोडवतो.

त्या डॉक्टरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. ते ज्या दुर्गम रुग्णालयांत जातात तेथे रात्री-अपरात्री त्यांच्यावाचून कोणी नसते. परंतु डॉक्टरांची वाण असलेला प्रदेश म्हणजे काय, हे समजण्यासाठी अणदूरच्या माणसास अटलांटिक ओलांडण्याची गरज नाही. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी शहराची वाट सोडून याच गावी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभारले आणि खेड्यातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले, ते याच वाणीवरचे उत्तर होते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचा दाखला तर या विषयाशी थेट जुळणारा आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेले, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले, आणि परत येऊन १९७० साली जामखेडला त्यांनी जे ग्रामीण आरोग्याचे काम आरंभले, त्याकडे पुढे साऱ्या जगाने धडा म्हणून पाहिले. विनिमयाचा कायदा ज्या फळाच्या आशेने लिहिला गेला, ते फळ पाहावयाचे असेल तर जामखेडला जावे.

सर्वांनीच परतावे असा आग्रह धरणे न्याय्य नाही. संशोधनाची साधने, कुटुंबाची परिस्थिती आणि माणसाची स्वतःची झेप यांचा विचार ज्याचा त्यानेच करावयाचा असतो, आणि कायद्याने जी सूट ठेवली आहे ती घेणे हा वचनभंग नव्हे. परंतु परतीचे वचन कशाला म्हणतात आणि ते आपण दिले आहे की नाही, हे ठाऊक नसताना राहणे, ही गोष्ट राहणाऱ्याला आणि परतणाऱ्याला दोघांनाही सारखीच घातक आहे. मुदत आपोआप वाढत नाही आणि अट मौनाने विरत नाही. तिला एकतर पाळावे लागते, नाहीतर रीतसर सोडवून घ्यावे लागते.

म्हणून अणदुराहून, धाराशिवहून वा महाराष्ट्राच्या कोणत्याही गावाहून विनिमयाच्या परवान्यावर निघणाऱ्या प्रत्येकास एवढेच विनवावेसे वाटते की, विमानाच्या तिकिटाच्या आधी डीएस-२०१९ची प्रत शांतपणे वाचावी. पैसा कोणाचा, वर्ग कोणता, मुदत किती आणि व्हिसावर अटीचा शेरा आहे किंवा नाही, ही चार उत्तरे घरच्यांच्या समक्ष एका कागदावर लिहून ठेवावीत. आणि नोकरीचा प्रस्ताव आला म्हणजे प्रथम तो कागद काढून, त्या वेळचे चालू नियम जाणकार वकिलाकडून तपासून, मगच होकार द्यावा. देवाच्या मुक्कामाचा करारसुद्धा लेखी ठेवणाऱ्या गावच्या माणसाने आपल्या स्वतःच्या मुक्कामाचा करार न वाचता सही करू नये.